गळकं छप्पर: चार कौलं बदलायची की सगळंच उतरवायचं?

ओटीवर घमेलं, माजघरात पातेलं आणि देवघरात तांब्या. आमच्या घरात सलग तीन पावसाळे ही मांडणी ठरलेली होती. दर मे महिन्यात दोन माणसं वर चढायची, तीस-चाळीस कौलं बदलायची, पैसे घेऊन जायची. आणि मिरग लागला की घमेलं पुन्हा त्याच जागेवर. चौथ्या वर्षी एक म्हातारा सुतार आला. तो छपरावर चढलाच नाही. माळ्यावर गेला, वळचणीकडे सरपटत जाऊन हातातला टोचा एका वाशात, म्हणजे कौलांखालच्या तिरक्या लाकडात, खुपसला. टोचा मुठीपर्यंत आत गेला. "कौलं कसली बदलताय? वासा मऊ झालाय. वासा दबला की कौल उचकटणार, मग ते नवं असो की जुनं," असं म्हणून त्यानं टोचा पायजम्याला पुसला आणि चहा मागितला.

तेव्हापासून मी कुणाचंही गळकं छप्पर बघायला गेलो की कौलांकडे सगळ्यात शेवटी बघतो. खाली लिहिलंय ते कोकणातल्या मंगलोरी कौलांच्या, लाकडी वाशांच्या घरांना धरून आहे. स्लॅबची गळती हे वेगळं दुखणं, त्याची औषधं इथे चालणार नाहीत.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा

छप्पर ही एक वस्तू नाही, दोन आहेत. वर कौलं, खाली लाकूड: आढं (माथ्यावरचं आडवं लाकूड, ज्यावर वाशांची वरची टोकं टेकतात), वासे आणि वाशांवर आडव्या ठोकलेल्या रिपा. दोघांची आयुष्यं वेगळी. १८६०च्या दशकात बासेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात यंत्रावर कौलं पाडायला सुरुवात केली आणि ती गलबतांतून आपल्या किनाऱ्याला आली. पणजोबांनी घातलेली, पाठीवर कारखान्याचं नाव उमटलेली कौलं आजही कितीतरी घरांवर शाबूत आहेत. चांगलं भाजलेलं कौल सहसा म्हातारं होऊन मरत नाही. ते नारळ पडून, वानरानं उडी मारून किंवा खालचं लाकूड हलून फुटतं. लाकूड मात्र हळूहळू, कुणाला न दिसता संपतं. अंगणातून दिसतात ती कौलं, म्हणून आपण बोलतो कौलांबद्दल. निर्णय द्यायचा असतो लाकडानं.

दुसरी गोष्ट. "दुरुस्ती की नवीन" हा प्रश्न सबंध घराला एकदम विचारूच नका. तो एकेका पाख्याला, म्हणजे छपराच्या एकेका उतरत्या बाजूला विचारा. दुपाखी घराला दोन उत्तरं मिळतील, चौपाखीला चार, पडवीचं आणखी वेगळं. नैर्ऋत्येकडचं पाखं चार महिने झड खातं. फणसाच्या सावलीतलं पाखं दिवाळीपर्यंत वाळत नाही. स्वयंपाकघरावरच्या पाख्याला मात्र वर्षानुवर्षं चुलीचा धूर मिळालेला असतो आणि तिथलं लाकूड बहुतेक वेळा सगळ्यात टणक निघतं. (गॅस आल्यापासून ही सोय गेली, पण जुना धूर अजून कामी येतो.) अशा घराला एकच निकाल लावणारा ठेकेदार एकतर घाईत असतो, नाहीतर हुशार.

पायरी पहिली: पावसात वही घेऊन बसा

छपराची तपासणी मे महिन्यात करायची पद्धत आहे आणि ती चुकीची आहे. उन्हाळ्यात सगळीच छपरं चांगली असतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढा फुकटचा तपासनीस मिळत असताना तो वाया का घालवायचा?

जुलैत घराचा साधा नकाशा काढा, पाख्यांसकट. जिथे थेंब पडतो तिथे खूण करा आणि शेजारी तीन गोष्टी लिहा: पाऊस सुरू झाल्यावर किती वेळानं गळायला लागलं, वारा होता का, आणि पाऊस थांबल्यावर थेंब किती वेळ चालू राहिले.

सर आल्याआल्या गळत असेल तर कौल फुटलंय किंवा सरकलंय. किरकोळ काम.

नुसत्या पावसात कोरडं आणि वारा सुटला की गळती, असं असेल तर कौल फुटलेलं नाही. पाणी वाऱ्यानं उलटं चढून दोन कौलांच्या जोडातून आत येतंय. म्हणजे उतार कमी आहे किंवा कौल कौलावर पुरेसं चढलेलं नाही. पडव्यांचं दुखणं नेमकं हेच. मूळ घराचा उतार चांगला असतो. नंतर कुणीतरी पडवी वाढवतो, डोकं आपटू नये म्हणून तिचं छप्पर चपटं घेतो, आणि पुढच्या तीन पिढ्या तिथे टॉवेल पसरतात. मंगलोरी कौलाला दर दहा फूट आडव्या अंतराला पाच ते सहा फूट चढ हवा. त्यापेक्षा फार कमी असेल तर नवी कौलं घालूनही पडवी गळणारच. तिथे उतार तरी वाढवा नाहीतर पत्रा घाला.

तासाभराच्या संततधारेनंतर, एका जागी न पडता सगळीकडून पाझरल्यासारखं ओलं होत असेल आणि पाऊस थांबल्यावरही थेंब चालू राहत असतील, तर कौलंच पाणी पिताहेत. हे मोठं काम.

थेंब पडतो तिथेच भोक असतं असं समजू नका. पाणी रिपेवरून, वाशाच्या पोटावरून चार-पाच हात खाली सरकतं आणि मग पडतं. बॅटरी घेऊन माळ्यावर जा, ओली रेघ वर कुठपर्यंत जाते ते शोधा आणि तिथे वाशावर खडूनं खूण करा. त्याआधी मेन स्विच बंद करा. जुन्या घरांत वायरिंग वाशांवरूनच फिरवलेलं असतं.

पायरी दुसरी: टोचा

दिवाळीनंतर लाकूड वाळलं की माळ्यावर पुन्हा चढायचं. सोबत टोचा किंवा जाड स्क्रूड्रायव्हर, छोटी हातोडी, बॅटरी आणि खडू. माळा नसेल तर शिडी लावा, पण खालून बघून "लाकूड ठीक दिसतंय" म्हणू नका. ऐनाच्या लाकडाचा वासा बाहेरून काळाकुळकुळीत राहून आतून पोकळ होऊ शकतो.

प्रत्येक वासा तीन ठिकाणी टोचा. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे वाशाचं खालचं टोक, जिथे तो भिंतीवर टेकतो. वळचणीचं पाणी तिथे मुरतं, आणि हल्ली गवंडी चिमण्या-उंदीर नकोत म्हणून वाशाभोवतीची फट सिमेंटनं गच्च भरतात. त्या सिमेंटनं वाशाचा श्वास कोंडतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सिमेंटनं लिंपलेली जितकी टोकं मी उकरलेली पाहिली, त्यांतली बहुतेक भिजलेल्या बिस्किटासारखी होती. दुसरी जागा खडूची खूण केलेली. तिसरी आढ्याजवळची.

टोचा पाव इंचाच्या आत अडला तर वासा चांगला. अर्धा इंच सहज गेला तर संशयित. त्याहून आत गेला तर तो बाद. मग हातोडीनं वाजवा. भरीव लाकूड टणक बोलतं, पोकळ लाकूड ढब् करतं. भिंतीवरून वाशाकडे गेलेल्या मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवी. वाशाखाली फरशीवर पिठासारखा पिवळट भुसा पडत असेल तर भुंगा. वाळवी जमिनीतून येते, म्हणून तिचा बंदोबस्त भिंतीच्या पायाशीसुद्धा करावा लागतो; नुसता वासा बदलला तर तुम्ही तिला नवं ताट वाढलंत.

चांगल्या वाशावर ✓, संशयितावर एक रेघ, बाद वाशावर फुली. मग प्रत्येक पाख्यातल्या फुल्या मोजा. पुढचा सगळा हिशोब या आकड्यावर आहे.

रिपांना एवढं महत्त्व देऊ नका. रीप मऊ झाली तर कौल खाली बसतं आणि गळतं, हे खरं. पण रिपा हा बदलायचाच माल आहे. एका पाख्याच्या रिपा बदलणं म्हणजे छप्पर बदलणं नव्हे, ठेकेदार काहीही म्हणोत.

पायरी तिसरी: दोरी

अंगणात लांब उभं राहून आढ्याची रेघ बघा. मध्ये खोगीर पडलंय का? डोळ्यावर विश्वास नसेल तर आतून आढ्याच्या दोन टोकांना खिळे मारून दोरी ताणा आणि मध्यभागी दोरी व आढं यांतलं अंतर मोजा. जुन्या लांब आढ्याला इंच-दीड इंच झोळ असणं म्हातारपणाचं लक्षण आहे, आजाराचं नाही. महत्त्वाचं हे की तो वाढतोय का. मोजमाप आढ्यावरच पेन्सिलीनं तारखेसकट लिहून ठेवा आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा मोजा. वर्षात अर्धा इंच वाढला तर थांबू नका.

मग भिंती बघा. वाशांचा भार भिंतींना बाहेर ढकलतो. चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंतीला वरच्या बाजूनं उभी, वर रुंद आणि खाली निमुळती भेग असेल, किंवा ओळंबा सोडल्यावर भिंतीचा माथा बाहेर झुकलेला दिसला, तर प्रश्न छपराचा राहिला नाही. आधी जाणकार इंजिनीअरला बोलवा. छप्पर नंतर.

पायरी चौथी: कौल वाजवा, बुडवा, तोला

प्रत्येक पाख्यातून पाच-सहा कौलं काढून आणा. वरून, मधून, वळचणीकडून. एका हातात धरून बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत आवाज आला तर कौल चांगलं. बद्द आवाज म्हणजे केसाएवढी तडा. शेवाळ घासून काढा आणि पृष्ठभाग नखानं खरवडा. पापुद्रे निघत असतील तर ते कौल संपत आलंय.

मग खरी परीक्षा. कौल दोन दिवस कडक उन्हात वाळवा, किराणा दुकानाच्या काट्यावर तोला, एक रात्र-एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, वरचं पाणी फडक्यानं टिपून पुन्हा तोला. समजा कोरडं २ किलो ४०० ग्रॅम भरलं आणि ओलं २ किलो ८५०. वाढ ४५० ग्रॅमची, म्हणजे पावणेएकोणीस टक्के. चांगल्या कौलात ही वाढ अठरा-वीस टक्क्यांपर्यंत चालते. पंचवीसच्या पुढे गेलं तर ते कौल पावसात स्पंज होतं.

हा खेळ वाटेल, पण त्याचा वाशांशी थेट संबंध आहे. एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, साधारण दीडशे कौलं लागतात. अडीच किलोच्या हिशोबानं पावणेचारशे किलो. पंधरा ब्रासच्या छपरावर साडेपाच टनांच्या वर कोरडं वजन बसलेलं असतं. कौलांनी अठरा टक्के पाणी प्यायलं तर त्यात एक टन पाण्याची भर पडते, आणि ती नेमकी वाशाची टोकं भिजलेली असतात तेव्हा. पाझरणारी कौलं आणि मऊ वासे हे एकमेकांना खाली ओढतात.

पायरी पाचवी: निकाल

आता वहीतला नकाशा पुढे घ्या. खालचे आकडे कुठल्या शास्त्रातले नाहीत. अनुभवातून बसलेले माझे ठोकताळे आहेत.

वासे शाबूत, रिपा बऱ्या, आणि पाख्यात दहातलं एकाहून कमी कौल खराब: तेवढीच कौलं बदला. कुणी "एकदाच सगळं करून टाकू" म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

वासे चांगले, पण रिपा जागोजागी मऊ आणि कौलं सरकलेली: ते पाखं पूर्ण उतरवा, रिपा नव्या ठोका, जुनीच कौलं धुऊन परत चढवा. पूर्वी दरवर्षी घर चाळायचे, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा लावायचे, ते थोडंफार हेच. लोकांना ही वाट माहीत नसते, कारण ती कुणी सुचवत नाही: मालाची विक्री कमी, अंगमेहनत जास्त. माझ्या पाहण्यात निम्म्या घरांना हाच उपाय पुरतो.

पाख्यातल्या चारपैकी एका वाशापर्यंत फुली, आणि तीही फक्त खालच्या टोकाला: वासा बदलायची गरज नाही, जोड द्या. कुजलेलं टोक चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचं, बाजूनं तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा लावायचा, तो चांगल्या लाकडावर किमान तीन फूट चढला पाहिजे, आणि दोन ठिकाणी आरपार बोल्ट. खिळे नकोत. खिळ्यांचा जोड पहिल्या वादळात बोलायला लागतो.

चारपैकी एकाहून जास्त वाशांवर फुली किंवा फुल्या मध्यभागी: ते पाखं लाकडासकट नवं करा. दुसऱ्या पाख्याला हात लावू नका, त्याचा निकाल वेगळा.

आढं कुजलेलं, आढ्याचा झोळ वाढता, किंवा भिंतीच्या माथ्यावरचं आडवं लाकूड वाळवीनं खाल्लेलं: सगळं उतरवा. आढ्यावर दोन्ही पाखी टेकलेली असतात, तिथे अर्धं काम होत नाही. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. आढ्याच्या बाबतीत ते उलटं आहे, आधी वासे फिरतात.

आणि लाकूड उत्तम पण कौलं पाझरणारी? तेव्हा फक्त कौलं बदला. ही वेळ क्वचित येते, पण युद्धकाळात किंवा टंचाईत घाईनं भाजलेली कौलं काही घरांवर आहेत.

जुन्या-नव्या कौलांचं जमत नाही

थोडी कौलं बदलायची ठरली तर ही अडचण येतेच. प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. नव्या कौलाची खाच जुन्याच्या कण्यात बसत नाही. दोन सूत, म्हणजे पाव इंच, फरक पडला तरी कौल उचललेलं राहतं आणि वारा तिथूनच शिरतो. दुकानदार "सगळी मंगलोरी सारखीच" म्हणेल. जुनं कौल पिशवीत घालून दुकानात न्या आणि नव्यावर बसवून बघा.

नाहीच जमलं तर एक युक्ती आहे. मागच्या दारचं एखादं लहान पाखं पूर्ण नव्या कौलांनी करा. तिथून उतरलेली जुनी, खणखणीत वाजणारी कौलं पुढच्या पाख्यांच्या दुरुस्तीला वापरा. पुढचं घर जुन्या रंगाचं एकसारखं राहतं आणि एकाच ओळीत दोन जातींची कौलं येत नाहीत. दुसऱ्या मापाची कौलं असतील तर रिपांचं अंतरही बदलतं, म्हणून नव्या पाख्याच्या रिपा ठोकायच्या आधी कौलं आवारात आलेली हवीत. आधी रिपा, मग कौलं, असं करून तीन दिवसांचं काम उपटलेलं मी पाहिलंय.

पैसे

दर गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून आकडे देत नाही. हिशोबाची रीत देतो. समजा एका पाख्याच्या डागडुजीला दरवर्षी पंचवीस हजार जातात, आणि तेच पाखं लाकडासकट नवं करायला दीड लाख सांगितलेत. सहा वर्षांत डागडुजी तेवढेच पैसे खाते आणि सातव्या वर्षी घमेलं तिथेच असतं. पण चाळीस हजारांत रिपा बदलून दहा वर्षं निभणार असतील तर दीड लाखाचं नाव काढू नका. "आत्ता स्वस्त काय" हा प्रश्न सोडून "वर्षाला किती पडतं" हे विचारा.

दर मागताना एकरकमी आकडा घेऊ नका. उतरवणं, लाकूड, कौलं, चढवणं असे वेगळे आकडे मागा. उतरवताना शंभरातली दहा-पंधरा चांगली कौलं फुटतातच. ती कुणाच्या खात्यावर, हे आधी ठरवा. आणि एका वाक्याला फार जपा: "जुनं सामान आम्हीच घेऊन जातो, तुम्हाला त्रास नको." त्या सामानात सागाचे आणि ऐनाचे वासे असतात. टोकं कुजलेली असली तरी मधलं सात-आठ फूट लाकूड आज विकत मिळणार नाही इतकं पिकलेलं असतं. त्याच्या रिपा निघतात, खिडक्या निघतात, पलंग निघतो. आमच्या शेजारच्या वाडीत एकानं हा त्रास वाचवला. पुढच्या वर्षी त्याच्याच वाशांची चौकट त्याला दुसऱ्याच्या बंगल्याला दिसली.

भाऊबंद आणि कागद

कोकणातलं घर बहुधा एकाचं नसतं. पुढचं पाखं काकांचं, मागचं आपलं, आढं दोघांचं, आणि तिसरा हिस्सेदार विरारला. आपल्या पाख्याची कौलं बदलायला कुणी काही म्हणत नाही. आढ्याला हात लावला की मात्र सगळ्यांना घर आठवतं. म्हणून पूर्ण छप्पर करायचं असेल तर गणपतीत सगळे जमतात तेव्हाच बोला, वहीतला नकाशा दाखवा, शक्य तर टोचा त्यांच्याच हातात द्या. खर्चाची वाटणी पाख्यांच्या ब्रासवर करावी, आढ्याची समान. दोन ओळी लिहून सह्या घ्या.

आहे तसंच छप्पर पुन्हा करत असाल तर फारसं काही नसतं, पण उंची वाढवणार, पडवी जोडणार किंवा बांधणीच बदलणार असाल तर आधी ग्रामपंचायतीत विचारा. घरपट्टीच्या नोंदीशीही त्याचा संबंध येतो. आणि वाशांसाठी स्वतःच्या जागेतला साग, ऐन, किंजळ किंवा फणस तोडायचा असेल तरी वनखात्याची परवानगी लागते. "झाड माझंच आहे" हे उत्तर नाक्यावर चालत नाही.

नवं करायचंच तर कशाचं?

लाकूड परवडत असेल आणि मिळत असेल तर लाकूडच, हा माझा कल आहे आणि तो मी लपवत नाही. वासे चढवण्यापूर्वी त्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावा. होड्यांना लावतात तेच. कातडीला भाजतं, हातमोजे घाला. भिंतीवर टेकणाऱ्या टोकाला तेल दुप्पट, आणि टोकाभोवती बोटभर फट मोकळी. उंदरांसाठी जाळी मारा, सिमेंट नको.

लोखंडी पाइपांवर कौलं हा हल्लीचा सर्रास मार्ग. वाळवी नाही, काम लवकर. पण समुद्र जवळ असेल तर गंज वेल्डिंगच्या जोडांपासून सुरू होतो. जोड घासून, रेडऑक्साइड मारून, रंगाचे दोन हात जमिनीवरच द्यावेत. वर चढल्यावर पाइपाच्या पाठीला ब्रश पोचत नाही. पाइपांची तोंडं बंद करून घ्या.

नुसता रंगीत पत्रा सगळ्यात हलका, चपट्या उतारालाही चालतो. उन्हाळ्यात तापतो आणि पावसात शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नाही. शिवाय हलकेपणा दुधारी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनारा घासत गेलं. कौलं उडाली तशी पत्र्यांची अख्खी पाखीही उचलली गेली. कौल आपल्या वजनानं बसतं आणि एकेक उडतं, पत्रा सगळा मिळून उडतो. त्यामुळे पत्र्यात पैसे पत्र्यावर कमी आणि सांगाडा भिंतीत घट्ट बांधण्यावर जास्त खर्च करा. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, खाली रबरी वॉशर.

खाली पत्रा आणि वर शोभेला कौलं, हा प्रकार बघायला छान दिसतो. पण वरून कौल फुटलं तरी आत कळत नाही, आणि पाणी पत्र्यावरून जाऊन नको तिथे निघतं. लाकडी वाशांवर तर मुळीच नको. तीच गोष्ट कौलांखाली अंथरलेल्या प्लास्टिकची: एका पावसाळ्याची मलमपट्टी म्हणून ठीक, कायमचं ठेवलंत तर रिपांना घाम फुटतो आणि त्या चार वर्षांत जातात. कौलांवर रंग किंवा पाणीरोधक लावून पाझर कायमचा थांबत नाही. फार तर दोन-तीन पावसाळे ढकलता येतात.

जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील तर ते कापू-फोडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. पाणी मारून ओले करून अख्खे उतरवा.

काम कधी, कसं

दुरुस्तीला दोन-चार दिवस लागतात; लाकडासकट पूर्ण छपराला तीन ते चार आठवडे धरा, आणि माणसं लग्नाला जातात तो आठवडा वेगळा. देवदिवाळीनंतर सुरुवात केली तर माणसंही मिळतात. एप्रिल-मेमध्ये सगळं कोकण त्याच चार सुतारांच्या मागे असतं. १५ मेनंतर छप्पर उघडं ठेवू नका. एक अवकाळी सर मातीच्या भिंतीचा माथा विरघळवायला पुरते. पाखी एकामागून एक उतरवा, आणि ताडपत्री काम सुरू व्हायच्या आधी घरात आणा.

कौलांवर चालणाऱ्यानं पाय कौलाच्या खालच्या टोकावर, जिथे दोन कौलं एकमेकांवर चढतात आणि खाली रीप असते, तिथेच टाकायचा. मधोमध पाय पडला की कट्. शेवाळलेल्या किंवा ओल्या छपरावर कुणालाही चढवू नका, आणि चढणाऱ्याच्या कमरेला दोर हवाच. तो "सवय आहे" म्हणतो. सवय असलेलेच पडतात.

दुरुस्ती करून घेताना दोन जागा हटकून राहतात. एक, आढ्यावरचे कोने, म्हणजे दोन पाखी माथ्यावर मिळतात तो सांधा झाकणारी कौलं: त्यांच्या सांध्यातलं सिमेंट तडकलेलं असतं आणि गळती मात्र खालच्या कौलांच्या नावावर जाते. जुना मसाला खरवडून कोने पुन्हा बसवा. मसाला कडक नको. थोडा चुना घातलेला तडकत नाही. दोन, दोन पाखी मिळतात तिथली पन्हळ. तिथला जुना पत्रा गंजून चाळण झालेला असतो आणि पाचोळ्याखाली दिसत नाही. नवा घालताना आधीपेक्षा रुंद घाला, दोन्ही बाजूंना कौलांखाली चांगला वीतभर आत जाईल एवढा. आणि छपरावर आलेली फणसाची फांदी कौलं चढायच्या आधी तोडा. वानरं त्याच पुलावरून येतात.

काम संपल्यावर उरलेली चांगली कौलं कुणाला देऊन टाकू नका. पन्नास-साठ तरी मागल्या पडवीत भिंतीला टेकून उभी रचून ठेवा; आडवी रचली तर वरच्यांच्या भारानं खालची तडकतात, आणि ते कळतं पुढच्या जुलैत, भर पावसात, शिडीवर उभं राहिल्यावर.